कात्सिनाच्या उतरंडी

कात्सिना, ९ जानेवारी १९८२

प्रिय गांबो, सलाम आणि दुवा.

तुझ्या कारखान्याची लॉरी काल दुपारच्या नमाजानंतर आली. उतरलेला माल असा: एनॅमलच्या उतरंडी लाल फुलांच्या अकरा, हिरव्या पानांच्या सात, एकूण अठरा. प्रत्येकीत नऊ वाडगे, झाकणांसकट. दोन वाडग्यांचे काठ उडालेले, एक झाकण भलत्याच मापाचं. लॉरीचं भाडं नऊ नायरा, हमाली साठ कोबो, दोर तुटला म्हणून नवा दोर चाळीस कोबो. मागवल्या होत्या बावन्न.

बावन्नाला अठरा. मी वही मागे चाळून पाहिली. गेल्या हंगामात एकोणसाठ मागवल्या, वीस आल्या. त्याआधी अठ्ठेचाळीसला सोळा. सहा वर्षं हेच चाललंय. इथे मुलगी सासरी जाते ती खोलीच्या भिंतीला उतरंड लावूनच, आणि वाडगे नाहीत म्हणून लग्नाची तारीख पुढे गेली की बोल मला लागतो. मी पडद्यातली बाई, घरोघर फिरून मागणी आणते ती इन्ना देलू. साठी उलटलेल्या विधवेला कोण अडवणार? पण शिव्याही तिलाच खाव्या लागतात. काल ती अठरा उतरंडी मोजून म्हणाली, "हुसेना, तुझ्या भावाकडे वाडगे भट्टीत भाजतात, की कोंबडी रोज एकेक घालते?"

मल्लम टांको निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर तू बसलास, हे ऐकून मी नमाजाच्या दोन रकात जास्त पढले. ही खुर्ची तुला न्याय करायला मिळाली आहे असं समज. बायका जेवढं मागतात तेवढं त्यांना का मिळत नाही, याचा छडा लाव.

कागद संपत आला. समासात लिहीत नाही, डोळ्यांना त्रास होतो.

तुझी याया,
हुसेना

* * *

कानो, २३ जानेवारी १९८२

याया हुसेना, थोरल्या बहिणीला वाकून सलाम.

छडा लागला, पण उलगडा झाला नाही. माझं काम तसं सरळ आहे. गावोगावच्या तुम्हा आठ बायकांकडून मागणी येते. तिची बेरीज करायची, आणि कुठल्या महिन्यात किती पत्रा कापायचा, किती वाडगे भाजायचे, ते भट्टीवाल्यांना लिहून द्यायचं. मल्लम टांकोंची फाइल उघडली तर चौदा वर्षांच्या प्रत्येक मागणीपुढे लाल शाईत दोनच शब्द: तिसरा हिस्सा. कारण कुठेही लिहिलेलं नाही.

शुक्रवारी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर कोलाचं बी चघळत बसले होते.

"मल्लम, तिसरा हिस्साच का?"

"कारण अर्धा जास्त होतो."

"आणि पुरा दिला तर?"

"देऊन बघ. मग मला येऊन सांग," म्हणाले आणि इतके हसले की कोलाचा तुकडा घशात अडकला.

मला राग आला, याया. बायका पै पै साठवून मागणी लिहितात आणि हा माणूस चौदा वर्षं ती लाल शाईनं कापत बसला. मागणी एक आणि माल भलताच, मग खुर्ची हवी कशाला?

आता मुद्द्याचं. मालकानं या थंडीत दुसरी भट्टी बांधून घेतली आहे. मालक लेबनॉनचा, इथे तीस वर्षं आहे, पण माणूस बाहेरचाच. त्यानं मला बोलावून सांगितलं, "एका हंगामासाठी पेटवतो. माल गेला तर भट्टी पेटती राहील, तिच्यावरची साठ माणसं कायम होतील. माल राहिला तर विझवीन." आणि एकदा विझली की आतल्या विटा तडकतात. मग ती पुन्हा पेटत नाही, नवी बांधावी लागते. म्हणजे संधी एकच.

म्हणून मला शाबान महिन्यातल्या लग्नांसाठी खरा आकडा हवा. जमलं तर प्रत्येक उतरंडीपुढे नवरीचं नाव लिही. तू आयुष्यात खोटं लिहिलेलं नाहीस. तुझा आकडा मी जसाच्या तसा धरीन, बाकीच्या सात जणींचाही तसाच.

तुझा,
गांबो

* * *

कात्सिना, १४ फेब्रुवारी १९८२

प्रिय गांबो, सलाम.

या वेळी सगळ्यांना सगळं मिळणार ही बातमी इन्ना देलूनं गावभर केली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं, पण तिच्या तोंडाला झाकण बसेल असा वाडगा तुमच्या कारखान्यातही निघायचा नाही.

आकडा एकशे चौसष्ट. मी तीनदा बेरीज केली. त्यातल्या एकाहत्तरांपुढे नवरीचं नाव आहे, त्र्याण्णवांपुढे नाही. याबद्दल मला बोल लावू नकोस. आपल्या रिवाजानं थोरल्या लेकीला जी आई चार माणसांत नावानं हाक मारत नाही, तिच्या लग्नाची हौस आहे असं डोळ्यांतही दिसू देत नाही, ती माझ्या वहीत तिचं नाव लिहून देईल? आपल्या आईनं मला मरेपर्यंत "अगं ए" म्हणूनच हाक मारली, तुला ठाऊक आहे. अशा बायका निरोपही आडून पाठवतात, "एकीला एक हवी आहे." मी लिहून घेते, "एकीला एक." त्यापुढे विचारणं म्हणजे तिला उघडं पाडणं.

आकडा ऐकून इन्ना देलू म्हणाली, "कात्सिनात इतक्या पोरी कधी पिकल्या? मागच्या पावसात पेरल्या होत्या का?" मी तिला रागावले. पण रात्री तसबीहचे मणी ओढताना ते वाक्य मध्ये मध्ये येत राहिलं, हे तुझ्यापासून कशाला लपवू. मग वाटलं, प्रत्येक बाईनं आपल्या तोंडानं मागितलं आहे. मी त्यांच्या पोरी मोजणारी कोण?

शाबानमध्ये आमच्याही घरी एक लग्न आहे. त्याबद्दल मी काय लिहिणार, हे स्वतः तुला लिहितील.

तुझी याया,
हुसेना

* * *

कानो, ३ एप्रिल १९८२

याया, सलाम.

दुसरी भट्टी पेटली. आठ गावांची बेरीज अकराशे चाळीस उतरंडी. मालकानं कागद हातात घेऊन विचारलं, "हा आकडा कोणाच्या भरवशावर?" मी म्हटलं, "बहिणीच्या." तो हसला नाही. त्यानं माझी सही घेतली.

साठ माणसं घेतली. बहुतेक खेड्यांतली, बाजरी काढून रिकामी झालेली. बाराऊ नावाचा एक आहे, लांब हातांचा. चिमट्यानं लाल झालेला वाडगा असा बाहेर काढतो की जणू झोपलेलं मूल उचलतोय. परवा मला म्हणाला, "मल्लम गांबो, बायकोला इकडे आणू का? की थांबू?" मी म्हटलं, "आण." त्यानं आणली. भट्टीमागच्या वस्तीत खोली घेतली आहे.

दोन पाळ्या चालतात. लाल फुलांचा रंग उतरला म्हणून एक दिवस काम थांबलं, तेवढंच. मल्लम टांको मशिदीत भेटले. मी मुद्दाम आकडा सांगितला. या वेळी ते हसले नाहीत, नुसती मान हलवून चपला शोधू लागले.

दाजींचं पत्र पोचलं. भाचीच्या लग्नाची बातमी ऐकून आनंद झाला. तुला आनंद झाला का, हे विचारत नाही.

तुझा माल मेच्या पहिल्या आठवड्यात निघेल. सगळाच्या सगळा.

गांबो

* * *

कात्सिना, १२ जून १९८२

प्रिय गांबो,

माल पोचल्याचं मी लगेच कळवलं नाही. आधी माल जाऊ दे, मग कळवीन, असं म्हणत महिना गेला.

एकशे चौसष्ट आल्या. एकही कमी नाही, एकही काठ उडालेला नाही. अंगण भरलं, पडवी भरली, नमाजाची चटई टाकायला मी स्वयंपाकघरात जाते. पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस गेल्या. दुसऱ्यात बारा. तिसऱ्यात सहा. लग्नं आता संपत आली, रमजान दहा दिवसांवर आहे. एकंदर सत्तावन्न गेल्या, एकशे सात इथेच आहेत.

काय झालं ते मला आमच्या अंगणातल्या तलातूच्या बोलण्यावरून कळलं. तलातू माझी शेजारीण. ती थोरलीच्या लग्नाची उतरंड न्यायला आली तेव्हा तिची नणंद आणि बहीण आधीच बसलेल्या होत्या. तिघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही कशाला आलात? तुम्हाला तर म्हणे लग्न कधी आहे हेही ठाऊक नव्हतं."

तलातू म्हणाली, "मला अजूनही ठाऊक नाही. मी मीठ मागायला आले होते."

बहीण म्हणाली, "चला, मी मागवलीच आहे. तुमच्या दोघींच्या राहू द्या."

एका नवरीसाठी तिघींनी मागवली होती. आई गुपचूप मागवते, नाव न देता. आत्या उघड मागवते, कारण आई मागू शकत नाही. आणि मावशी मागवते, कारण आत्याचा भरवसा नाही. आजवर तिघींतल्या एकीलाच मिळायची, ती नवरीच्या खोलीत लागायची, बाकीच्या दोघी सुटकेचा श्वास टाकायच्या. कोणी खोटं बोललं नाही, गांबो. तिसरा हिस्सा म्हणजे नेमकी एकेक नवरी होती.

आता जे लिहिते ते फाडून टाक. माझ्या वहीत आमच्या घरच्या लग्नासाठी माझ्या नणंदेची एक उतरंड आहे. दुसरी मी स्वतः दौरा गावच्या बाईकडे मागवली, निनावी, कारण स्वतःच्या वहीत लिहिताना हात धजला नाही. तिसरी आपल्या मामीनं मालुमफाशीला मागवली. तुझ्या बेरजेत तुझी भाची तीनदा लग्न करून बसली आहे. मला हे तेव्हा ठाऊक होतं. स्वतःचं ठाऊक होतं आणि दुसऱ्यांचं असंच असेल हे सुचलं नाही. की सुचू दिलं नाही, ते अल्ला जाणे.

उरलेल्या परत पाठवू का? भट्टीचं काय?

हुसेना

* * *

कानो, २६ जून १९८२

याया,

परत पाठवू नकोस, इथे ठेवायला जागा नाही. आठही गावांतून तेच कळलं आहे. अकराशे चाळीसपैकी गेल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी.

भट्टी रमजानच्या पहिल्या दिवशी विझवली. मी तिथे होतो. तेल बंद केल्यावर लगेच काही होत नाही. संध्याकाळी उपास सोडायच्या सुमारास आतून आवाज यायला लागले, सुकी फांदी मोडावी तसे. बाराऊ खजूर हातात धरून ऐकत होता. "विटा का?" म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानं खजूर खाल्ला, पाणी प्यायला आणि बायकोला सांगायला गेला.

मल्लम टांकोंकडे गेलो. त्यांनी सांगितलंच होतं, येऊन सांग म्हणून. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग फाइलमध्ये लिहून का ठेवलं नाही?"

"काय लिहू? आया थोरलीसाठी चोरून मागवतात, असं? त्या परक्या मालकानं वाचावं म्हणून? माझी आईही त्यात आली, तुझीही आली." मग म्हणाले, "लिहिण्यासारखं एवढंच होतं, ते मी लाल शाईत लिहिलं होतं."

"मग मला तोंडानं का नाही सांगितलंत?"

"तू विचारायला आला नव्हतास. भांडायला आला होतास."

मालकानं कारण विचारलं. मी म्हटलं, माझी चूक. तो म्हणाला, "तुझ्या बहिणीनं फसवलं का?" मी म्हटलं, "तिनं बरोबर लिहिलं होतं, मला वाचता आलं नाही." साठ माणसांना काढलं. मला खुर्चीवरून उठवून बांधणीत बसवलं आहे. वाडग्यांच्या मध्ये गवत भरायचं काम.

तू उपास नीट कर. यात तुझा दोष धरत नाही.

गांबो

* * *

कात्सिना, १० जुलै १९८२

प्रिय गांबो,

तू दोष धरत नाहीस म्हणून तो जात नाही.

मी एक वेगळा कागद सोबत जोडला आहे. तो मालकाला दे. मी माध्यमिकची परीक्षा दिली होती, इंग्रजी अजून बऱ्यापैकी लिहिता येतं. त्यात सगळं स्पष्ट मांडलं आहे: आई का मागवते, आत्या का, मावशी का, आणि नावं नसल्यानं कोणत्याही हुशार माणसाची बेरीज कशी चुकली असती. उदाहरण म्हणून दुसऱ्या कोणाचं घर उघडं करणं बरं नव्हे, म्हणून आमच्याच घराचं दिलं आहे. माझ्या थोरलीचं नाव त्यात आहे. एकोणीस वर्षांत मी ते पहिल्यांदा लिहिलं. लिहून झाल्यावर दार लावून बसले होते.

मी आणखी एक ठरवलं आहे. यापुढे नवरीचं नाव दिल्याशिवाय मागणी लिहून घ्यायची नाही. एका नवरीला एकच उतरंड. इन्ना देलू म्हणाली, "तुला विहिरीत ढकलतील." म्हटलं, ढकलू देत.

बाराऊ आणि त्याची बायको कुठे गेली? त्यांच्यासाठी एक उतरंड बाजूला काढून ठेवली आहे. कोणी येणारं असेल तर त्याच्या हाती देईन.

हुसेना

* * *

कानो, ३० जुलै १९८२

याया,

ईदच्या शुभेच्छा.

तुझा कागद मिळाला. दोनदा वाचला आणि भट्टीत टाकला, पहिल्या भट्टीत. दुसरीत आता बांधणीचं गवत ठेवतो. भाचीचं नाव परक्या माणसाच्या मेजावर पडून विटा सांधल्या जाणार नाहीत. आणि त्याला कारण नको आहे, त्याला माल गेलेला हवा होता.

बाराऊ गावी गेला म्हणतात. कुठलं गाव ते मी कधी विचारलं नव्हतं. उतरंड ठेवू नकोस. त्यांना ती कुठे लावणार, खोली सोडली त्यांनी.

माझ्या जागी हिशेबखात्यातला एक जण आला आहे. यापुढे मागणी त्याच्या नावानं पाठव. माणूस वाईट नाही. पहिल्याच दिवशी त्यानं मल्लम टांकोंची फाइल आणि लाल शाईची बाटली मागवून घेतली.

गांबो

* * *

कात्सिना, ४ सप्टेंबर १९८२

प्रिय गांबो, सलाम.

ऑगस्टमधल्या माझ्या दोन्ही पत्रांना तुझं उत्तर नाही. ती पोचली नाहीत असं धरून पुन्हा लिहिते.

पीक निघाल्यावरच्या लग्नांसाठी मी म्हटल्याप्रमाणे नाव विचारून मागणी घ्यायला लागले. तलातू आली, ऐकलं आणि म्हणाली, "हुसेना, तू कधीपासून काझी झालीस?" उठून गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या. खालच्या मोहल्ल्यात एक नवी बाई मागणी घेते, ती नाव विचारत नाही. तिच्याकडे म्हणे नव्वदवर मागण्या गेल्या. इन्ना देलू अजून माझ्याकडे येते, पण फिरायला काही नाही, म्हणून नुसती बाजरीची कुनू पिते आणि भिंतीला टेकून झोपते.

माझ्याकडे अकरा उतरंडींची मागणी आहे. अकरा नवऱ्या, अकरा नावं, प्रत्येकीच्या घरी मी दुसऱ्या वाटेनंही विचारून खात्री केली. माझ्या वहीतला हा पहिला आकडा आहे ज्यात एकही जास्त नाही. माझ्याकडे उरलेल्या मालातून का देत नाही, असं विचारशील. तो माल मालकानं गेल्या आठवड्यात मालमोटार पाठवून नेला. दक्षिणेकडे कुठे किलोवर विकला म्हणतात.

मी तुमच्या नव्या माणसाला अकरा लिहून पाठवले. सोबत स्वच्छ लिहिलं की हा आकडा आधीच गाळलेला आहे, कापू नये. छापील कार्ड परत आलं. मागणी अकरा. मंजूर तीन.

म्हणजे आठ घरी मी काय निरोप पाठवू? त्या मुलींच्या आयांनी माझ्यापुढे मान खाली घालून नावं उच्चारली आहेत. खालच्या मोहल्ल्यातल्या त्या बाईकडे गेल्या असत्या तर मिळालं असतं.

इन्ना देलू म्हणते, "तेहेतीस लिही, अकरा येतील. यात समजायला काय शिकलेला मल्लम लागतो?" ते खरं आहे. तेहेतीस लिहिले तर सगळ्यांना बरोबर मिळेल. कारखान्याचं काम चालेल, एकही वाडगा जास्त भाजला जाणार नाही. पण तो आकडा मी माझ्या हातानं, जाणूनबुजून लिहायचा. आणि उद्या त्या खुर्चीत पुन्हा तुझ्यासारखा एखादा भला माणूस बसला आणि त्यानं माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला तर?

महिनाअखेरपर्यंत मागणी पुन्हा पाठवता येते असं कार्डावर छापलं आहे. मी दोन्ही कागद लिहून ठेवले आहेत, एकावर अकरा, एकावर तेहेतीस. इमामसाहेबांना विचारावं तर सगळ्या घरांची गोष्ट उघडी करावी लागेल. ज्याला सगळं आधीच माहीत आहे असा तू एकटाच उरला आहेस. तू अजून बांधणीत आहेस की तिथूनही काढलं, तेही मला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र कारखान्याच्या आणि घराच्या, दोन्ही पत्त्यांवर टाकते आहे.

अकरा पाठवू की तेहेतीस, ते उलट टपाली कळव. एकच आकडा लिहिलास तरी चालेल.

तुझी याया,
हुसेना